लाइनआउट, स्लॅब, रात्रीची सबमिशनं : आर्किटेक्टच्या पहिल्या वर्षांचे अनुभव

ओसरी
काल भाचा गणिताचं पुस्तक आपटून म्हणाला, "मावशी, हा पायथागोरस कुणाला कधी लागतो का गं?" मी उठले, माळ्यावरची सुतळी काढली, 3, 4 आणि 5 फुटांच्या अंतराने गाठी मारल्या आणि हॉलच्या फरशीवर त्रिकोणात ताणून दाखवली. काटकोनात, फरशीच्या सांध्याला बरोब्बर बसली. तो खूश होऊन खेळायला पळाला. मी मात्र सुतळी हातात धरून तिथेच बसून राहिले, कारण एकदम 2009 आठवलं.

कॉलेजातून बाहेर पडून चार महिने झाले होते. वाईजवळच्या एका गावात घराचं लाइनआउट, म्हणजे जमिनीवरची आखणी, होतं. सरांना ताप, म्हणून मी एकटी. पहाटेची एसटी, पाठीला नकाशाची नळी. तिथे मालक, त्यांचे वडील, गुरुजी, शेजारीपाजारी मिळून पंधरा-वीस माणसं उभी. शेजारच्या कंपाउंडची भिंत रस्त्याला काटकोनात आहे असं धरून मी पहिली दोरी लावली, कारण नकाशात ती तशीच काढलेली होती. खुंट्या ठोकून झाल्या. पोरगा आखणीच्या पांढऱ्या फक्कीचं घमेलं घेऊन तयार.

तेवढ्यात मुकादम तात्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, फक्की टाकायच्या आधी एकदा नऊ-बारा-पंधरा बघून घ्यायचं का?" टेप लावला. कोपऱ्यापासून एका बाजूवर 9 आणि दुसरीवर 12 फूट घेतले की काटकोनात तिरकं माप 15 यायला हवं. 15 फुटांच्या जागी 15 फूट 4 इंच! घराची बाजू 40 फुटांची. तशीच दोरी पुढे नेली असती तर मागचा कोपरा दोन फुटांच्या आसपास सरकून सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, गेला असता. माझे हातपाय गार. मालकांनी तिकडून विचारलं, "का थांबलात?" तात्या मोठ्याने म्हणाले, "मॅडमनी काटकोन परत तपासायला सांगितलाय. अर्धा तास लागंल."

मी काहीच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय मी फक्की टाकू देत नाही. या धाग्यावर तुमच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचे अनुभव लिहा ना. मोठमोठे प्रकल्प नकोत, रोजचं काम हवंय.

तिरकी रेघ
तात्यांना नमस्कार सांगा.
माझा जिना. बंगला, नाशिकच्या बाहेर. सगळ्या पायऱ्या साडेसहा इंची काढल्या. जोत्यावर कोबा आणि फरशी मिळून 4 इंच भरले जाणार हे हिशोबात धरलंच नाही. पायऱ्यांवर कोटा फरशी आणि खालचा सिमेंटचा मसाला जेमतेम 1 इंच. फरशी झाल्यावर खालची पहिली पायरी साडेतीन इंच उरली. मालकांच्या आई दोनदा ठेचकाळल्या. त्या काही बोलल्या नाहीत, कठडा धरून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. मला रात्रभर झोप नाही.

फरशीवाल्या मिस्त्रीने सोडवलं. साडेतीन आणि वरच्या तीन साडेसहा, एकूण 23 इंच. चार पायऱ्यांत वाटले की पावणेसहा. म्हणजे तोडायचं काहीच नाही, फक्त कोटा उचलायचा आणि पहिलीवर सव्वादोन, दुसरीवर दीड, तिसरीवर पाऊण इंच मसाला चढवायचा. त्याने हा हिशोब विटेवर खिळ्याने केला. मी बाजूला कॅल्क्युलेटर घेऊन उभा होतो, माझ्या आधी त्याचं उत्तर आलं.

आता सेक्शन (घराचा उभा छेद) काढताना आधी फरशीची रेघ काढतो, मग स्लॅबची.

अबोली
@तिरकी रेघ, आजींचं हसू वाचून गलबललं.
माझं जरा वेगळं. 2016, मुंबई, पगार 10 हजार. डोंबिवलीहून 7.10 ची लोकल. सबमिशन, म्हणजे नकाशे सादर करायचे, असलं की रात्री अकरा, साडेअकरा व्हायचे. ऑफिसचं नाव लिहीत नाही. ओव्हरटाइम हा शब्दच तिथे कुणी उच्चारत नसे. "शिकायला मिळतंय ना?" हे उत्तर तयार. पाच वर्षांचं शिक्षण, मॉडेलच्या सनबोर्डवर नि प्रिंटवर घरच्यांनी ओतलेला पैसा, आणि हातात काय तर दहा हजार. बाबा रोज रात्री स्टेशनवर घ्यायला यायचे, रिक्षाचे पैसे वाचावेत म्हणून स्कूटर घेऊन. एकदाही बोलून दाखवलं नाही त्यांनी.
याचा राग अजून गेलेला नाही माझा. आता माझ्याकडे दोन मुली काम करतात. साडेसहाला घरी पाठवते, काम राहिलं तर राहिलं.

चिरेबंदी
+1 अबोली. आमच्या वेळी इंटर्नला काहीच द्यायचे नाहीत, वर जेवणाचा डबा आपला.

शाईचे डाग
तुम्ही सगळी कॅडची, कॉम्प्युटरवर नकाशे काढणारी मुलं. मी 1988 चा. ट्रेसिंग पेपरवर रॉट्रिंगच्या शाईपेनने काम. चूक झाली की ब्लेडने शाई खरवडायची, अगदी हलक्या हाताने, नाहीतर भोक. मग नखाने घासून कागद गुळगुळीत करायचा, तेव्हा कुठे वरून परत रेघ धरायची. मे महिन्यात मनगटाखाली टाल्कम लावलेला रुमाल, कारण घामाचा एक थेंब पडला की कागद तिथे फुगलाच. 0.1 चं निब अडकलं की कोमट पाण्यात बुडवून कानाशी धरून हलवायचं. आतली तार टिकटिक वाजली की चालू. ती टिकटिक अजून कानात आहे.
आणि अमोनिया प्रिंटचा वास! प्रिंटवाल्याच्या दुकानातून परत आलो की डोळे लाल. आई म्हणायची, कुणी मारलं का तुला?

सुगरण_सातारकर
मी आर्किटेक्ट नाही, पण विचारते. आमच्या वरच्या मजल्यावर बेडरूमच्या छताला ओल येते. एक जण म्हणतो गच्चीचा कोबा पूर्ण काढा, दीड लाख सांगितले. काय करू?

ओसरी
ताई, दीड लाख देऊ नका आत्ता. गच्चीचे पाइप बोळे घालून बंद करा, पाणी भरून दोन दिवस ठेवा. खाली ओलीची कड पेन्सिलीने आखून ठेवा. आणि गच्चीच्या कठड्याला खाली गोला (सांध्यात सिमेंटची गोलाई) मारलाय का बघा, तिथूनच बहुतेक वेळा जातं.

शाईचे डाग
आमच्या साहेबांच्या काळात तर कागदही नव्हता, ट्रेसिंग क्लॉथ होतं. खळ लावलेलं तलम सुती कापड. जुने नकाशे बाद झाले की घरी नेऊन गरम पाण्यात धुवायचे, खळ आणि शाई निघून जायची. त्याचे रुमाल, बाळाची झबली. साहेबांची मुलं म्हणे कुठल्याशा गिरणीच्या प्लॅनची झबली घालून वाढली.

अबोली
गिरणीच्या प्लॅनची झबली!! काका, हे आईला वाचून दाखवलं, ती अजून हसतेय.

पाऊलवाट
साइटवर बायकांसाठी टॉयलेट नसतं हे कुणी लिहिणार का, याची वाट बघत होते. मीच लिहिते.
2012. सहा मजली इमारत, मी साइट बघायला होते. सकाळी 9 ते 6. पाणी प्यायचं नाही हा नियम मी स्वतःच केला होता. दोन वर्षांत दोनदा युरिन इन्फेक्शन. ऑफिसात कुणाला सांगणार?
तिथे बिगारी काम करणारी एक बाई होती, माझ्याच वयाची, मूल पाळण्यात. पाळणा म्हणजे सळ्यांच्या मधे बांधलेलं लुगडं. एक दिवस मी कळवळत उभी होते. तिने काही विचारलं नाही. सिमेंटच्या गोण्यांवरची ताडपत्री ओढली, कॉलमच्या आड धरली, पाठ फिरवून उभी राहिली आणि म्हणाली, "जा मॅडम, मी हाय." मी आत गेले आणि तिथेच रडले. तिला तर रोजच अशी ताडपत्री लागत होती.
आता माझ्या कुठल्याही कामात पायाच्या खड्ड्याआधी टॉयलेट. कॉन्ट्रॅक्टरच्या पहिल्या बिलाला तीच अट.

गुण्या
@पाऊलवाट, वाचून काय लिहावं सुचेना.
कायद्याने हे सक्तीचं आहे, सर्वांना माहीत असावं म्हणून सांगतो. 2025 पर्यंत त्यासाठी इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, 1996 होता. त्यात संडास-मुताऱ्या हव्यातच होत्या, आणि 50 पेक्षा जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघरही. साइटवर मी तो कागद खिशात ठेवायचो, उपयोग व्हायचा.

भरउन्हात_नागपूर
आमच्याकडे मेमध्ये 45 अंश. स्लॅब पहाटे 4 ला सुरू, नऊच्या आत संपलाच पाहिजे. पहिला स्लॅब भरला तेव्हा मी ऑफिसात सगळ्यात ज्युनिअर, म्हणून पाण्याची जबाबदारी माझ्यावर. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवायचं, कॉलमला ओली पोती गुंडाळायची. अशा उन्हात दहा दिवस ओलं ठेवलंच पाहिजे.
पाचव्या दिवशी वॉचमन साळ्याच्या लग्नाला गेला. रविवार. मी घरून सायकलवर गेलो तर आळी कोरडीठाक, पोती पापडासारखी. मोटर बंद, लाइट नाही. हापशीवरून बादल्या. किती खेपा झाल्या मोजलं नाही, पण संध्याकाळी बोटं मिटत नव्हती. आईने हाताला खोबरेल लावलं नि म्हणाली, आर्किटेक्ट म्हणजे हेच असते का रे?
होय, हेच असते. त्या घराच्या स्लॅबला आज अकरा वर्षांत एक तडा नाही. दर दिवाळीला जाऊन छताकडे बघून येतो. मालकांना वाटते मी फराळासाठी येतो.

तिरकी रेघ
भाऊ, फराळही सोडू नका.

लंडनकर
आईशप्पथ, हापशी! इथे मी तिसऱ्या वर्षी अजून 'आर्किटेक्चरल असिस्टंट' आहे. नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, 1997 चा कायदा. पुण्यात मावशी सगळ्यांना सांगते पोरगा लंडनला आर्किटेक्ट आहे, आणि मला फोनवर दरवेळी धस्स होतं.

गुण्या
आपल्याकडेही तेच आहे की. 1972 चा आर्किटेक्ट्स अॅक्ट. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी नसेल तर ती पदवी नावापुढे लावता येत नाही.
माझी आठवण डिसेंबर 2020 ची. पालिकेत दाखल करायचे सात नकाशे तयार, सोमवारी जाणार, आणि राज्याची नवीन नियमावली आली. यूडीसीपीआर. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते, मोजायची पद्धतच बदलली. बाल्कनी वेगळी, जिना वेगळा, लॉबी वेगळी असं मोजायचो, ते सगळं आता इमारतीच्या बाहेरच्या रेषेत. पी-लाइन. वर राहत्या घरांना 60 टक्के अॅन्सिलरी, म्हणजे जादा एफएसआय, इतर वापराला 80. सात नकाशांचे एरिया स्टेटमेंट, क्षेत्रफळाचे तक्ते, नव्याने करायचे होते. मी आणि अजून एक मुलगी, आठ रात्री बसलो. ती नियमावली मोठ्याने वाचायची, मी आकडे टाकायचो. कंटाळवाणं वाटेल तुम्हाला, पण एखादा नियम असा का आहे हे मला त्या आठ रात्रींत कळलं, पाच वर्षांच्या कॉलेजात नव्हतं कळलं. आग लागली तर बंब इमारतीभोवती कुठून फिरणार? मार्जिन, कडेची मोकळी जागा, त्यासाठी असतं. आधी मी त्याला नुसता वाया गेलेला प्लॉट समजायचो.
ती मुलगी आता माझी बायको आहे.

अबोली
हे शेवटचं वाक्य आधी लिहायचं ना!!

ओसरी
अभिनंदन दोघांचं. नियमावली कुठल्या पानावर असताना विचारलंत?

गुण्या
पार्किंगच्या तक्त्यावर. तीच म्हणाली आधी.

चिरेबंदी
आम्ही मालवणकडचे. पुण्यातल्या ऑफिसातून गावाकडच्याच एका घरासाठी मला पाठवलं, "तुला भाषा येते" म्हणून. नकाशात सगळ्या भिंती 230 मिलिमीटर, विटेच्या मापाने. गवंडी बघतच राहिला. म्हणाला, "बाय, हयसर चिरो लागतलो. चिरो खाणीतून येता त्या मापान भिंत, भिंतीच्या मापान चिरो नाय." आख्खा नकाशा चिऱ्यावर, जांभ्या दगडाच्या मापावर, परत बसवला. खिडकीची रुंदीसुद्धा चिऱ्याच्या पटीत, म्हणजे तोडकाम कमी. आणि पावसाकडच्या बाजूला पडवी खाली ओढली, मूळ नकाशात तिथे सपाट छज्जा होता. जांभ्याला तीन महिने सरळ मारा नको.
मला लहानपणापासून ज्या घरात राहिले त्याच्या भिंतीची जाडी माहीत नव्हती, याची फार खंत वाटली तेव्हा. आणि आमच्या शेजारच्या आचऱ्यात 1916 मध्ये जन्मलेले आर्किटेक्ट अच्युत कानविंदे हार्वर्डला शिकून येऊन आयआयटी कानपूर उभारतात, हे मला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी कळलं. शाळेत कुणीतरी सांगायला हवं होतं. आमच्या गावच्या शाळेत मी दरवर्षी जाऊन सांगते आता.

पाऊलवाट
चिरेबंदी, खूपच छान. यावरून नवी मुंबईत बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत आठवली. तिसऱ्या वर्षाला मेजरमेंट ड्रॉइंगला गेलो होतो. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी सात-सात घरं 8 बाय 8 मीटरच्या अंगणाभोवती बसवलीत. आम्ही टेप धरून अंगण मोजत होतो तर एका काकूंनी विचारलं, काय मोजताय? म्हटलं, अंगण. त्या म्हणाल्या, मग पापड आधी उचलते. टेप पापडांच्या मधून गेला होता. 8 मीटर किती असतात ते मला तिथे समजलं : एका टोकाच्या ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं, तेवढे.

लंडनकर
वा, काय सांगितलंत. उद्या ऑफिसात हे सांगतो.

शाईचे डाग
ओसरी, तात्या आता कुठे असतात?

ओसरी
काका, धागा काढल्यावर मीही तोच विचार केला. जुन्या डायरीतल्या नंबरवर फोन लावला, मुलाने उचलला. तात्या आता कामावर जात नाहीत, ऐकू कमी येतं. मुलाने फोन त्यांच्या कानाशी धरला. मी ओरडून नाव सांगितलं, गाव सांगितलं, त्यांना ओळख लागेना. मग म्हटलं, "तात्या, नऊ-बारा-पंधरा!" तर लगेच म्हणाले, "मागल्या कोपऱ्याचं घर व्हय? त्ये उभं हाय अजून. यशील तवा चहाला ये."
पुढच्या रविवारी जातेय. भाचा म्हणतोय मी पण येतो.

सुगरण_सातारकर
ताई, सांगितलं तसं केलं. दोन दिवस गच्चीत घोट्याइतकं पाणी ठेवलं. पेन्सिलीची रेघ जिथल्या तिथे, ओल तसूभर पुढे सरकली नाही. मग मुलाने बाथरूमचा गीझर चालू केला आणि संध्याकाळपर्यंत डाग रेघ ओलांडून चार बोटं पुढे! भिंतीतली गरम पाण्याची नळी निघाली. प्लंबर उद्या येतोय, दोन फूट भिंत फोडावी लागेल म्हणाला. फोडू देऊ ना?

तिरकी रेघ
द्या, पण फोडायच्या आधी वरून खाली नळी कुठून जाते ते खडूने आखून घ्या.