‘वकील-इ-मुतलक’ला मराठीत काय म्हणावं?

थाटीपूर: 12 फेब्रुवारीला महादजी शिंद्यांची पुण्यतिथी. आमच्या ग्वाल्हेरच्या मंडळाच्या मराठी पत्रकाचं काम माझ्याकडे आहे. मूळ हिंदी मजकुरात दिल्ली दरबारातल्या पदासाठी ‘वकील-ए-मुतलक’ आहे. मी तसंच ठेवलं, तर भाचीने विचारलं, “मामा, महादजी कोर्टात जायचे का?” पानिपतात पाय कायमचा अधू झालेला माणूस दिल्लीच्या बादशहाचा सगळा कारभार हातात घेतो, आणि मुलांना काळा कोट दिसतो! योग्य शब्द सुचवा.

दौलतगंज: ‘सर्वाधिकारी प्रतिनिधी’ लिहा. शुद्ध आणि सोपं.

बडोदेकर: प्रतिनिधी नको. मराठी राज्यात ‘प्रतिनिधी’ हे वेगळंच पद होतं, औंधचे पंतप्रतिनिधी त्याच घराण्यातले. वाचकाचा आणखी गोंधळ उडेल. ‘कुलमुखत्यार’ म्हणा. जमीनजुमल्याच्या व्यवहारात कुलमुखत्यारपत्र आजही होतं, अर्थ सगळ्यांना कळतो.

दौलतगंज: फारशी काढून फारशीच घालायची?

इंदूरकर: मुखत्यार आता मराठीच आहे हो. आणि ‘वकील’ तरी कुठे मेलाय? पेशव्यांचे वकील दरबारोदरबारी असत, ते काही खटले लढवत नव्हते. परदेशातल्या आपल्या कचेरीला आपण वकिलातच म्हणतो. माझी आजी भांडणात हटकून म्हणायची, “तू त्याचं वकीलपत्र घेऊ नकोस.” दुसऱ्याच्या वतीने उभा राहतो तो वकील. भाचीला हे सांगा, शब्द बदलू नका.

थाटीपूर: पण ‘मुतलक’चं काय? इथे हिंदी-उर्दूत ‘मुतलक नहीं’ म्हणजे अजिबात नाही.

इंदूरकर: अरबीत मुतलक म्हणजे मोकळा सोडलेला, कसलीही अट नसलेला. तलाकसुद्धा त्याच धातूचा. ‘अजिबात’ हा अर्थही तिथूनच आलेला. वजीर आणि मीरबक्षी (लष्कराचा प्रमुख अधिकारी) या दोघांच्याही वरचं पद आहे हे.

मुरारवाली: आमच्या माहेरचं आडनाव मुतालिक. आजोबा सांगायचे की ते याच मुतलकवरून आलंय.

बडोदेकर: ताई, मुतालिक म्हणजे अधिकाऱ्याच्या गैरहजेरीत त्याचं काम पाहणारा. तो मला ‘मुतअल्लिक’ म्हणजे संबंधित, यावरून आलेला वाटतो. मुतलक मोकळा, मुतालिक बांधलेला. उलटंच झालं की!

मुरारवाली: पूर्ण अधिकार दिल्याशिवाय गैरहजेरीत काम कोण कसं करणार? आजोबांचंच मला पटतं.

बडोदेकर: आणि एक. 1784 साली बादशहा शाहआलमने हे पद पेशव्यांच्या नावे दिलं. महादजी होते त्यांचे नायब, म्हणजे दुय्यम. म्हणजे पत्रकात थेट ‘वकील-इ-मुतलक महादजी’ लिहिणंच चूक. 1792 मध्ये पुण्यात ती वस्त्रं सवाई माधवरावांनाच समारंभाने दिली.

दौलतगंज: कागदावर नायब. फौज कुणाची होती? दिल्लीत हुकूम कुणाचा चालायचा? 1782 चा सालबाईचा तह इथे ग्वाल्हेरजवळच झाला, त्यात इंग्रज आणि पेशवे यांच्यामध्ये महादजीच उभे होते. कागदी शब्दाला इतकं धरून बसू नका.

बडोदेकर: मग तुम्ही प्रतिनिधी कशाला सुचवलंत?

इंदूरकर: एवढा अधिकार हातात असताना ते स्वतःला पाटील म्हणवून घेत. मला तर ‘पाटीलबाबा’ हीच त्यांची सर्वांत मोठी पदवी वाटते. अडचण आली की लोक पाटलाकडे जातात, तसे बादशहासुद्धा गेले.

थाटीपूर: पत्रकात महादजींच्या युरोपीय सेनानी डी बॉयनने उभ्या केलेल्या पलटणींना ‘कंपू’ लिहिलंय. पुण्याच्या मंडळींनी आक्षेप घेतला, कंपू म्हणजे टोळकं.

मुरारवाली: बदलू नका! ग्वाल्हेरात कंपू नावाचा अख्खा भाग आहे. कवायती पलटण असाच जुना अर्थ. तिकडे कंपूशाही म्हणून शब्द नासवला, त्याला आम्ही काय करणार? तशीच गत लष्करची. 1810 मध्ये दौलतरावांची छावणी पडली ते लष्कर शहरच झालं. माझ्या नागपूरच्या जाऊबाईंना “आम्ही लष्करात राहतो” म्हटलं, तर त्या विचारतात, भावोजींचा हुद्दा काय?

दौलतगंज: कंपू हा ‘कंप’वरून असावा. पलटण चालली की जमीन हादरायची.

बडोदेकर: नाही हो. इंग्रजी ‘कॅम्प’ नाहीतर पोर्तुगीज ‘कांपो’. त्या ‘ऊ’वरून मी पोर्तुगीजकडे झुकतो.

इंदूरकर: शेवटच्या ‘ऊ’वर एवढा भरवसा कसा ठेवता? कॅप्टनचा ‘कप्तान’ झाला, त्यात कुठे ऊ आला?

बडोदेकर: कप्तानसुद्धा पोर्तुगीजच, ‘कापितांव’. घ्या, माझाच मुद्दा पक्का झाला.