परवाना आम्हालाच का? ओंटारियोतल्या गांजाच्या दुकानांबद्दल

ओंटारियोकर: कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात बेलव्हिलजवळ टायंडिनागा हा मोहॉक या मूलनिवासी लोकांचा प्रदेश आहे. तिथे रस्त्यालगत प्रांताच्या परवान्याशिवाय चालणारी गांजाची दुकानं ओळीनं उभी आहेत. आमच्या भावजींची परवान्याच्या दुकानात भागीदारी आहे. माल घ्यायचा तो सरकारी घाऊक विक्रेत्याकडूनच. प्रत्येक पाकिटावर अबकारी शिक्का हवा, म्हणजे सुक्या गांजावर ग्रॅममागे किमान एक डॉलर आधीच गेला, वर १३ टक्के विक्रीकर. १९ वर्षांच्या आतलं गिऱ्हाईक चुकून आत आलं तरी धाबं दणाणतं. आणि पोलिस तिकडच्या दुकानांवरून गाडी नेतात, थांबत नाहीत. कायदा एकच ना?

मृण्मयी: एकच आहे, पण केला कसा तेही बघा. गांजा कायदेशीर करणारा हा कायदा १७ ऑक्टोबर २०१८ ला लागू झाला. त्याच वर्षी मे महिन्यात सिनेटच्या समितीनं सांगितलं होतं, मूलनिवासींशी नीट बोलणी झालेली नाहीत, वर्षभर थांबा. थांबलं कोण? विक्रीचे नियम प्रांतांच्या हाती गेले, अबकारी कर केंद्र आणि प्रांतांनी २५-७५ वाटून घेतला. मोहॉकांच्या वाट्याला काय? शिवाय बिनपरवाना म्हणजे कोणाच्या परवान्याशिवाय? सिक्स नेशन्स या ओंटारियोतल्याच, मोहॉकांसह सहा मूलनिवासी राष्ट्रांच्या समूहाचा स्वतःचा गांजा कायदा आहे, स्वतःचा आयोग आहे, तो परवानेही देतो.

ओंटारियोकर: ताई, मूलनिवासींचे हक्क मान्य करणारं राज्यघटनेचं कलम ३५ काढणार हे ठाऊक होतं. १९९६ च्या पामाज्युऑन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुगार चालवणं हा मूलनिवासी हक्क मानला नाही. मग गांजा कसा बसेल?

मृण्मयी: आणि १९९९ चा मार्शल खटला? ईल मासे पकडून विकल्याबद्दल खटला भरला होता. १७६०-६१ च्या करारांवरून न्यायालयानं माफक उपजीविकेचा हक्क मान्य केला.

ओंटारियोकर: तो करार मिकमॉक या वेगळ्या मूलनिवासींचा, नोव्हा स्कोशिया प्रांतातला. मोहॉकांना कसा लावता? आणि ईल कुठे, गांजा कुठे!

जुनाखोंड: दोघंही कोर्टात अडकलात. पोलिस हात का आखडतात ते बघा. १९९० चं क्वेबेकमधलं ओका प्रकरण, जिथे जमिनीवरून मोहॉक आणि पोलिस-लष्कर समोरासमोर आले, मग १९९५ मध्ये ओंटारियोत इपरवॉशला जमिनीच्याच वादात प्रांतिक पोलिसांच्या गोळीनं नि:शस्त्र डडली जॉर्ज गेला. २००७ च्या चौकशी अहवालात आधी संयमानं बोलणी करा, हा सूर होता. एका दुकानासाठी रस्तारोको ओढवून घ्यायची कोणाची छाती आहे? (आपल्याकडेही अतिक्रमण पथक कुठे जातं आणि कुठे जात नाही, हे पुणेकरांना सांगायला नको.)

ओंटारियोकर: म्हणजे जो घाबरवतो तो सुटतो, गपगुमान कर भरणारा मरतो.

जुनाखोंड: इपरवॉशला गोळी पोलिसांनी झाडली होती हो. पण एक मान्य. तपासणी नसलेल्या मालात कीटकनाशक किती, हे तिथल्या गिऱ्हाईकालाही कळत नाही. त्यात तिथले रहिवासीही आले.

मृण्मयी: म्हणून करार करावा. ब्रिटिश कोलंबियानं २०२२ मध्ये विल्यम्स लेक फर्स्ट नेशन या तिथल्या मूलनिवासी समाजाशी केलाच ना? ते स्वतः पिकवतात, स्वतः विकतात आणि सगळं कायद्यात बसून.

ओंटारियोकर: तसा करार झाला तर माझी काडीची हरकत नाही. पण ओंटारियो तो करेपर्यंत भावजींनी अबकारी भरत राहायचं आणि गिऱ्हाईक टायंडिनागाला जाताना बघायचं का?