घारापुरी एका दिवसात: त्रिमूर्ती सोडून आणखी काय पाहता येईल?

ठाणेकर_अनघा
जानेवारीत घारापुरीला (एलिफंटा) जायचं आहे. सोबत आई (वय 71, गुडघे दुखतात) आणि 10 वर्षांचा मुलगा. गेटवेवरून लाँच मिळते, सोमवारी लेणी बंद असतात, एवढं माहीत आहे. बाकीचे प्रश्न असे: आईला किती चढावं लागेल? लेण्यात त्रिमूर्ती सोडून नेमकं काय आणि कोणत्या क्रमानं पाहावं? लेण्यांपलीकडे बेटावर काही पाहण्यासारखं आहे का?

भरती_ओहोटी
आधी प्रवासाचं सांगतो, कारण आईंना पायऱ्यांपेक्षा लाँचमध्ये चढणं-उतरणं जास्त अवघड जाईल.

लाँचेस सकाळी 9 च्या सुमारास सुरू होतात आणि साधारण तासाभरात बेटावर पोचवतात. पहिली किंवा दुसरी गाठा. ओहोटीला लाँच धक्क्याच्या बरीच खाली असते. मग उंच पाय टाकावा लागतो, आणि पाण्याखालून नुकत्याच वर आलेल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. गर्दीत लाँचेस एकमेकींना लावून उभ्या करतात, त्यामुळे कधी कधी दुसऱ्या लाँचमधून पलीकडे जावं लागतं. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून सामान पाठीवर घ्या.

भरतीचा अंदाज कोळीवाड्यातल्या जुन्या हिशोबानं काढता येतो. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला भरती पावणेचारला, ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे सकाळी पावणेदहा-दहाला, नेमकी तुमच्या उतरण्याच्या वेळेला. त्रयोदशीला भरती पावणेदहाच्या आसपास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरा. आईंसाठी त्रयोदशी ते प्रतिपदा यातला दिवस निवडा. फक्त ते दिवस उधाणाचे असल्यानं संध्याकाळी पाणी फार खाली जातं. दोन-अडीचपर्यंत परत निघा.

परतीचं तिकीट जपून ठेवा. वरच्या डेकवर बसायचे पैसे लाँचवरच वेगळे घेतात, पण तो जिना अरुंद आहे. आईंना खालीच बसवा. डिसेंबर 2024 मधल्या लाँचच्या अपघातानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं आहे. मुलाला ते नुसतं अडकवू नका, पट्टे आवळून बांधा.

धक्का लांब आहे, कारण किनाऱ्याला उथळ चिखल आहे. तेवढ्या अंतरासाठी छोटी टॉय ट्रेन असते. पुढे साधारण 120 पायऱ्या. पायऱ्या सोप्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर सावलीसाठी कापड, थांबत थांबत चढता येतं. जमणार नसेल तर पायथ्याशी डोलीवाले असतात. जाऊन-येऊन किती, ते बसण्याआधी ठरवा.

कातळशिल्प
लेण्यात बहुतेक जण उत्तरेच्या दारातून शिरतात, समोरच्या त्रिमूर्तीपाशी फोटो काढतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात. त्यात लेण्याची मांडणीच हातची जाते. पहिल्या लेण्याला दोन अक्ष आहेत. उत्तर-दक्षिण अक्ष सदाशिवाच्या मूर्तीकडे (हीच ती ‘त्रिमूर्ती’) जातो आणि पूर्व-पश्चिम अक्ष लिंगाच्या गाभाऱ्याकडे.

म्हणून आत गेल्यावर सरळ जाऊ नका. डावीकडे, पूर्वेच्या उघड्या बाजूला जा आणि तिथून पश्चिमेकडे वळून पाहा. खांबांच्या ओळींमधून थेट गाभारा दिसतो. हे पूजेचं लेणं आहे, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. पुढे प्रदक्षिणेच्या दिशेनं निघा.

पूर्वेला समोरासमोर दोन शिल्पं आहेत. एकात शिव-पार्वती कैलासावर सारीपाट खेळताहेत, दुसऱ्यात रावण तोच कैलास हलवतो आहे (हे फार भग्न आहे). दक्षिण भिंतीवर अर्धनारीश्वर, सदाशिव, गंगाधर. गंगाधराच्या वर तीन तोंडांची गंगा शोधायला मुलाला सांगा. पश्चिमेला कल्याणसुंदर (शिव-पार्वतीचा विवाह) आणि त्याच्या समोर अंधकासुरवध. विवाहात पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे, वधू लग्नाआधी उभी राहते तशी. तिची किंचित झुकलेली मान नीट बघा. माझ्या मते संपूर्ण लेण्यातलं सर्वांत कोमल काम ते आहे. समोर अंधकाला मारणारा शिव दात विचकून उभा, हातात रक्त झेलायला वाडगा. दोन्हींच्या मधोमध उभं राहून आळीपाळीनं पाहा. शेवटी उत्तर दाराजवळ नटराज आणि योगीश्वर.

सदाशिव साधारण 18 फूट उंच. लोक ‘त्रिमूर्ती’ म्हणतात म्हणून ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात, पण तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. मधलं तत्पुरुष, तुमच्या डावीकडे मिशीवाला, नाग धरलेला अघोर आणि उजवीकडे हातात कमळ असलेला वामदेव. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना पाच मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या, नाहीतर अघोराचा चेहरा दिसतच नाही. या मूर्तीवर थेट ऊन येत नाही. कल्याणसुंदर मात्र पश्चिमेच्या चौकाजवळ असल्यानं दुपारनंतर जास्त उजळतं.

गडवाट
लेणी राष्ट्रकूटांची ना? तिथल्या मार्गदर्शकांकडून तसंच ऐकलं आहे.

कातळशिल्प
नाही, गडवाट. त्याआधीची. शैलीवरून सहाव्या शतकाचा मध्य धरतात. बेटावर कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाची नाणी मोठ्या संख्येनं सापडली, त्यामुळे कलचुरींशी संबंध जोडला जातो. शिलालेखच हाती असता तर वाद मिटला असता. पोर्तुगिजांनी इथला एक लेख काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो हरवला. ही हानी फुटलेल्या मूर्तींपेक्षाही मोठी वाटते, कारण त्याच्यासोबत करविणाऱ्याचं नाव गेलं.

उरणकर
अनघाताई, लेण्यांपलीकडचं सांगतो. 2 ते 5 ही लेणी ओळीतच आहेत, पण अपुरी आणि पडझडीची. अर्धा तास पुरे. टेकडीच्या माथ्यावर दोन जुन्या तोफा आहेत. चढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, वाट सोपी आहे. वरून न्हावाशेवा बंदर, तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप आणि हवा स्वच्छ असेल तर अटल सेतू दिसतो. मुलाला घेऊन तुम्ही जा, आईंना लेण्याबाहेर सावलीत बसवा. पूर्वेच्या टेकडीवर विटांचा स्तूप आणि आणखी दोन लेणी आहेत, त्यातलं एक ‘सीताबाईचं देऊळ’ म्हणून ओळखलं जातं. पण तिकडे रान आहे, वाटाड्याशिवाय जाऊ नका. या खेपेला ते सोडाच.

माकडं हातातली पिशवी आणि थंड पेयाची बाटली ओढतात. खाणं बॅगेत बंद ठेवा, उघड्यावर डबा काढू नका. जेवण बेटावरच्या हॉटेलात घ्या. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन गावांची कमाई बरीचशी पर्यटकांवर चालते, आणि इथे समुद्राखालच्या केबलनं वीज आली ती 2018 मध्ये. पर्यटकांना रात्री राहायची परवानगी नाही, तेव्हा परतीची शेवटची लाँच किती वाजता ते उतरतानाच विचारा.

मुलगा ‘एलिफंटा म्हणजे हत्ती कुठे?’ असं विचारणारच. राजबंदरला दगडी हत्ती होता, त्यावरून पोर्तुगिजांनी ते नाव दिलं. 1814 मध्ये त्याचं डोकं आणि मान कोसळली, 1864 मध्ये तो मुंबईला हलवला. आज तो भायखळ्याला, जिजामाता उद्यानाजवळच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. बुधवारी तिथे जाऊ नका, बंद असतं.

ठाणेकर_अनघा
सगळ्यांचे आभार. कॅलेंडर पाहून त्रयोदशीच्या आसपासचा रविवार नसलेला दिवस धरते आहे. कातळशिल्प, प्रदक्षिणेचा क्रम कागदावर उतरवून घेतला.