मुलांना महाभारत सांगायचं तर तात्पर्य कशाला चिकटवायचं?

तळ्यातमळ्यात:
गणपती आले की आमच्या सोसायटीत गीता पाठांतर स्पर्धा असते, पंधरावा अध्याय, वीस श्लोक, विसर्ग खाल्ला की मार्क कट. पाठांतराला माझा विरोध नाही, जीभ साफ होते, पण त्याला "संस्कार" म्हणतात तिथे माझं डोकं सटकतं. बरोबर काय चूक काय हे ठरवायची वेळ आली की मुलाला त्यातलं काय उपयोगी पडणार?

आणि गोष्टी सांगतो त्याही अशाच. धर्मराज नेहमी खरं बोलायचा, म्हणून तुम्हीपण खरं बोला, चला झोपा. अरे पण त्याच धर्मराजाने द्रोणाला "अश्वत्थामा मेला" असं मोठ्यांदा सांगितलं आणि "हत्ती" हळूच पुटपुटला ना! भीमाने त्या नावाचा हत्ती मुद्दाम मारला होता. आणि कृष्ण काय म्हणत होता तर द्रोण अजून अर्धा दिवस असाच लढला तर तुझं सैन्य संपलं, जीव वाचवायला खोटं बोललास तर पाप नाही. आता सांगा, धर्मराजाने काय करायला हवं होतं? हा प्रश्न नऊ-दहा वर्षांच्या पोरांना विचारून गप्प बसा, अर्धा तास भांडतात.

माझं म्हणणं एवढंच की ग्रंथातले हे अडचणीचे प्रसंगच मुलांना सांगावेत आणि तात्पर्य सांगू नये.

खडूस_मास्तर:
वीस वर्षं प्राथमिकला शिकवतोय म्हणून बोलतो. दुसरी-तिसरीच्या पोराला आधी सरळ नियम लागतो. मारायचं नाही, चोरायचं नाही, खोटं बोलायचं नाही. अपवाद नंतर. तुम्ही आधीच अपवाद शिकवलात तर डबा न खाता फेकून देऊन घरी "नरो वा कुंजरो वा" करणारी पिढी तयार होईल, आणि तेवढं डोकं त्यांना तुमच्या महाभारताशिवायही असतं.

साबुदाणा:
मास्तर 😂 आमच्याकडे "होमवर्क झाला" म्हणतो आणि मग हळू आवाजात "कालचा". महाभारत अजून सांगितलेलं नाही.

जाईजुई:
मला वेगळाच प्रॉब्लेम आहे. ग्रंथ म्हटला की मागे देव आला. पोरगं कितीही भांडलं तरी शेवटी "कृष्णाने सांगितलं म्हणजे बरोबरच असणार" इथे येऊन गाडी थांबते. मग तो मुलाचा निर्णय कुठे राहिला? त्यापेक्षा देवच नसलेली गोष्ट घ्या. बी.एड.ला आम्हाला कोहलबर्ग या मानसशास्त्रज्ञाचा हाइन्झ होता, बायको मरायला टेकलीय, औषधवाला अव्वाच्या सव्वा किंमत सांगतोय, तर नवऱ्याने औषध चोरावं का. तिथे उत्तर हो की नाही याला किंमत नाही, कारण काय देतोस ते बघायचं. कुठल्याही धर्माच्या मुलाला हा प्रश्न विचारता येतो.

तळ्यातमळ्यात:
जाईजुई ताई, हाइन्झ चांगलाच आहे पण तो कोणाचा कोण, मुलांना त्याचं काही पडलेलं नसतं. धर्मराज त्यांना आधीपासून आवडत असतो, म्हणून तो घसरला की त्यांना लागतं.

आणि कृष्ण म्हणाला म्हणून विषय संपला असं महाभारतच म्हणत नाही हो. धर्मराजाचा रथ जमिनीच्या चार बोटं वर चालायचा तो त्या वाक्याबरोबर खाली टेकला. आणि पार शेवटी, स्वर्गारोहण पर्वात, त्याला नरक बघावा लागतो, इंद्र स्पष्ट सांगतो की तू द्रोणाला कपटाने फसवलंस म्हणून तुलाही कपटानेच नरक दाखवला. म्हणजे देवाच्या सांगण्यावरून केलं तरी बिल धर्मराजाच्याच नावावर. गीतेतसुद्धा अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण म्हणतो "यथेच्छसि तथा कुरु", नीट विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. आता हे वाक्य पाठांतर स्पर्धेत किती वेळा ऐकलंय? कारण आपण कायम पंधरावाच घेतो, छोटा पडतो ना.

कोरा_चहा:
सगळे खरं-खोटं करत बसलेत. एकलव्याचं काय ते सांगा. निषादाचा मुलगा म्हणून द्रोणाने शिकवलं नाही, आणि स्वतःच शिकला तर अंगठा मागितला. आम्हाला शाळेत ही गोष्ट "गुरुभक्ती" म्हणून शिकवली, वर्गातल्या निम्म्या पोरांना तेव्हाच कळलं होतं की आपण गोष्टीत कुठल्या बाजूला आहोत. रामायणाच्या उत्तरकांडातल्या शंबूकाचं, शूद्र असून तप केलं म्हणून रामाने मारलेल्या, तर विचारूच नका, तो भाग नंतर घुसवलाय असं बरेच अभ्यासक म्हणतात, पण घुसवला कोणी आणि का, हे पोराला सांगणार का? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली ती काय उगाच हौस म्हणून नाही. आणि २०२४ ला राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात त्याच मनुस्मृतीचा श्लोक आला, म्हणे मोठ्यांना नमस्कार करायला शिकवतोय. नमस्कार शिकवायला दुसरं काहीच सापडलं नाही?

पाटीपेन्सिल:
+१. आणि कायद्याचंही बघा, पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, कलम २८. धर्मांविषयी माहिती देणं वेगळं, २००२ ला सुप्रीम कोर्टाने तो फरक मान्य केलाय, पण वर्गात तो पाळणार कोण. घरी काय सांगायचं ते सांगा, शाळेत नको.

तळ्यातमळ्यात:
शाळेचं मी बोलतच नाहीये, घर आणि फार तर सुट्टीतले वर्ग. कोरा_चहा, एकलव्याची गोष्ट गुरुभक्ती म्हणून सांगणं हा अन्यायच आहे, त्यात दुमत नाही. म्हणूनच म्हणतोय की तात्पर्य काढून टाका. गोष्ट आहे तशी सांगा आणि विचारा, द्रोणाने जे मागितलं ते बरोबर होतं का, आणि अर्जुन तिथेच होता, तो काही बोलला का? मुलं द्रोणाला सोडत नाहीत.

कोरा_चहा:
मुलं सोडत नसतील, आजोबा सोडतात. तुमच्या घरी चालेल हो. बाकी शंभर घरांत "तेव्हाचा काळ तसा होता" म्हणून झाकण लावतील. मला सांगा, संतांच्या गोष्टी का नको? एकनाथांनी काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली. निर्णय म्हणजे हा, आणि कोणाचा अंगठा जात नाही.

जाईजुई:
ही मलापण चालेल.

खडूस_मास्तर:
ही मी दरवर्षी सांगतो. पण त्यात भांडण होत नाही, सगळी पोरं म्हणतात पाजायलाच पाहिजे होतं. म्हणजे तळ्यातमळ्यातना जे पाहिजे ते यात नाही, हे मान्य करावं लागेल. तिसरीपर्यंत मला तेच बरं वाटतं ही गोष्ट वेगळी.

साबुदाणा:
मग पाचवीच्या पोराला कुठली सांगू? लेक्चर नको, गोष्ट सांगा.

तळ्यातमळ्यात:
कर्णपर्वातली घ्या. कौशिक नावाचा तपस्वी, कायम खरंच बोलायचं व्रत. चोरांना घाबरून लोक रानात लपतात, चोर येऊन विचारतात, हा खरं खरं सांगून टाकतो, लोक मारले जातात आणि हा नरकात. मुलांना आधी पटतच नाही.

आणि ही गोष्ट कृष्ण सांगतो कधी, तर अर्जुन धर्मराजावर तलवार उपसून उभा असतो तेव्हा! धर्मराज चिडून म्हणाला गांडीव दुसऱ्याला देऊन टाक, आणि असं म्हणेल त्याला मारायचं अशी याची प्रतिज्ञा. कृष्ण म्हणतो मोठ्या माणसाचा अपमान म्हणजे त्याला मारल्यासारखंच, मग त्याला नुसतं अरेतुरे करून बोल. हा बोलतो, मग वाईट वाटून स्वतःलाच मारायला निघतो, तर कृष्ण म्हणतो आत्मस्तुती म्हणजे आत्महत्याच, मग स्वतःची तारीफ कर. आणि अर्जुन भर युद्धात मी किती भारी हे सांगत सुटतो. पोरं लोळतात हसून. मग विचारा, प्रतिज्ञा पाळली की नाही पाळली?

खडूस_मास्तर:
नाही पाळली. पळवाट काढली. आणि हेच मी वर म्हणत होतो.

साबुदाणा:
आमचा म्हणतोय पाळली, कारण कृष्णाने नियम बदलला तर तो नवा नियम झाला. बायको म्हणतेय मुळात अशी प्रतिज्ञा करायचीच कशाला. दहा वाजले, कोणी झोपत नाहीये.

जाईजुई:
बघा, "कृष्णाने बदलला" आलंच शेवटी.

कोरा_चहा:
बायकोला विचारा एकलव्याबद्दल काय म्हणणं आहे.