ओपनफोमच्या इनपुट फाइलसाठी एम४ वापरावे की सी-प्रीप्रोसेसर?

प्रश्न:
नमस्कार. मी ओपनफोम या प्रवाहाची गणना करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नळीतील प्रवाहाचे सिम्युलेशन करतो. मेश, म्हणजे गणनेची जाळी, ठरवणाऱ्या ब्लॉकमेशडिक्ट फाइलमध्ये सर्व शिरोबिंदूंचे निर्देशक आकड्यांत लिहिलेले असल्यामुळे नळीची त्रिज्या बदलली की अनेक ओळी हाताने दुरुस्त कराव्या लागतात. त्रिज्या आणि लांबी सुरुवातीला एकदाच लिहावी व उरलेले आकडे त्यांवरून तयार व्हावेत, यासाठी एम४ आणि सी भाषेचा प्रीप्रोसेसर यांपैकी कोणता प्रीप्रोसेसर (फाइल वापरण्याआधी तिच्यातील मजकूर बदलणारा प्रोग्राम) योग्य ठरेल?

उत्तर १:
एम४ वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ओपनफोमचे इन्क्लूडसारखे आदेशही हॅश चिन्हाने सुरू होतात आणि सी-प्रीप्रोसेसर त्यांना स्वतःचेच आदेश समजतो. एम४ मात्र कर्निगन आणि रिची यांनी १९७७ मध्ये कोणत्याही एका भाषेशी न बांधता लिहिले. डिफाइन आदेशाने त्रिज्येला नाव (मॅक्रो) दिले, की ते नाव स्वतंत्र शब्द म्हणून जेथे येईल तेथे त्याची किंमत बसते. अवतरणासाठी मूळचे बॅकटिक न ठेवता चेंजकोटने चौकटी कंस ठरवून घ्यावेत. फाइल वाचणे फार सोपे होते.

अडचण गणिताची आहे. एम४ मधील इव्हॅल हा गणिताचा आदेश केवळ पूर्णांक जाणतो, त्यामुळे ०.०२५ चे निम्मे त्यातून मिळणार नाही. ओपनफोम वापरणारे अनेक जण यासाठी ईसिसकमांड या बाहेरचा प्रोग्राम चालवणाऱ्या आदेशाने पर्ल भाषेला बोलावणारा कॅल्क नावाचा छोटा मॅक्रो लिहितात. मॅक्रो हा निव्वळ मजकुराचा बदल असल्याने, किंमत म्हणून बेरीज किंवा वजाबाकी लिहिली असेल तर ती कंसात ठेवावी, अन्यथा पुढे गुणाकार आल्यावर उत्तर चुकते.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण एक सूचना जोडतो. एम४ च्या दृष्टीने हॅशपासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर ही टिप्पणी असते, म्हणून ओपनफोमच्या हॅश-कॅल्क या गणिताच्या आदेशानंतर त्याच ओळीत आलेले मॅक्रो तसेच राहतात. टिप्पणीचे चिन्ह ठरवणारे चेंजकॉम रिकामे दिल्यास ही अडचण दूर होते. त्याहून धोकादायक गोष्ट अशी, की मॅक्रोच्या नावात एक अक्षर चुकले तरी एम४ तक्रार करत नाही आणि ते नाव जसेच्या तसे तयार फाइलमध्ये उतरवते. यासाठी सर्व नावांना एकच उपसर्ग द्यावा आणि तयार फाइलमध्ये तो उपसर्ग ग्रेप या शोध-आदेशाने शोधावा. एक जरी ओळ सापडली, तर मेश तयार करण्याआधीच थांबावे.

उत्तर ३:
दोन-तीन मापेच बदलायची असतील, तर ओपनफोममधील डॉलर चिन्हाचे चल आणि हॅश-कॅल्क पुरेसे आहेत. मात्र हॅश-कॅल्क पडद्याआड सी++ संकलित करत असल्याने त्या यंत्रावर कंपायलर लागतो. एम४ निवडल्यास त्रिज्या आदेशओळीवर डी पर्यायाने देता येते, पण फाइलमधील डिफाइन नंतर वाचले जात असल्याने तेच वरचढ ठरते. म्हणून ते इफडेफमध्ये घालावे, म्हणजे बाहेरून किंमत न आल्यासच फाइलमधील किंमत लागू होईल.