गाव सुटल्यावर एकत्र बसलो तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

दरड, पूर किंवा धरणामुळे सातारा-सांगलीत घरदार सोडावं लागलेल्यांच्या बैठकीत बसला असाल तर इथं लिहा. मधनंच उठून गेला असाल तरी लिहा. युगांडात दक्षिण सुदानमधून आलेल्या निर्वासित बायकांच्या मनावरचा ताण हलका करायला जागतिक आरोग्य संघटनेची पाच बैठकांची पद्धत वापरली गेली. ध्वनिमुद्रण ऐकायचं, चित्रांची पुस्तिका बघायची. चालवणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या बायका होत्या. आपल्याकडं हे कसं होतं? नावं नकोत.

पाटण तालुका, दरडग्रस्त
जुलै 2021 मध्ये आंबेघर, मीरगाव, ढोकावळे या गावांवर डोंगर उतरला. आमचं घर राहिलं, चुलत्यांचं गेलं. निवाऱ्याला शाळेत होतो तेव्हा येईल तो विचारायचा, "नक्की काय झालं?" साहेब, पत्रकार, मदत वाटणारे, सगळेच. तेच तेच सांगून शेवटी तोंडातनं शब्द निघंना.

पुढं गावच्या आशा सेविका ताईंनी बायकांना एकत्र बसवायला सुरुवात केली. त्या रात्रीचं त्यांनी कुणाला विचारलंच नाही. बोलणं निघायचं ते पाऊस लागला की झोप उडते यावर. माझी पोरगी चप्पल घालूनच झोपायची. मला वाटायचं हे आमच्याच घरात. तिथं कळलं घरोघरी तेच. ताईंनी शिकवलं, जीव घाबरा झाला की पाय जमिनीला घट्ट टेकवायचे आणि समोर दिसतील त्या वस्तूंची नावं घ्यायची. तांब्या, दोरी, कोंबडी. आधी हसलो. पण रात्री उपयोगी पडतं.

म्हाताऱ्या मात्र दरडीवर थांबत नाहीत, थेट 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपावर जातात. बैठक लांबते, सुना वैतागतात.

वारणेचा धरणग्रस्त, आता सांगली जिल्ह्यात
आमची बैठक दुःखाची न्हवतीच. संकलन रजिस्टरला, म्हंजी धरणग्रस्तांच्या सरकारी यादीत, नाव चढलं का, जमिनीचा ताबा मिळाला का, ह्यासाठी जमायचो. पर खरं सांगू, ठिय्या आंदोलनाच्या रातीच माणसं बोलली. बाप वसाहतीत आल्यापासनं गप हुता. डोंगरातली नाचणी-वरी गेली, हितं दुसऱ्याच्या उसात मजुरी. ठिय्यावर दुसऱ्या गावच्या म्हाताऱ्यानं त्येला इचारलं, "तुमचा देव कुठं ठेवला?" तवा रडला. आमी पोरं इतकी वर्सं जमिनीचंच इचारत हुतो. तरीबी नुसतं "मन मोकळं करा" म्हणणाऱ्यांवर माझा इस्वास न्हाई. आधी सातबारा द्या.

सांगली, कृष्णाकाठ
2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 आहे. तेव्हापासून पावसाळ्यात फोनवर पातळी बघत बसते. मी बैठकीला गेले, पण परत गेले नाही. दुसऱ्या बाईंचं ऐकून घरी आले आणि माझंच जास्त बिघडलं. चालवणारी मुलगी नवखी, मध्येच कुणाला कसं थांबवायचं हे तिला जमेना. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडं गेले, गोळ्या सुरू झाल्या, झोप लागायला लागली. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. गट सगळ्यांना मानवतोच असं नाही.

आशा स्वयंसेविका, सातारा जिल्हा
कृष्णाकाठच्या ताई, म्हणूनच आम्ही आता बैठकीआधी एकेकीशी वेगळं बोलून घेतो. जीव द्यायच्या गोष्टी कानावर आल्या तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नेतो, बैठकीची वाट बघत नाही.

पुरुषांचं मात्र जमत नाही. दुपारी बोलवावं तर कामावर, संध्याकाळी बोलवावं तर निम्मे पिऊन येतात. ठिय्यावाल्या काकांचं वाचून वाटतंय, त्यांना घराच्या कागदांसाठीच बोलवावं, बाकीचं त्यातनं निघेल. तलाठ्यांना विचारून बघते, येतील का. काका, तुमच्या ठिय्यावर रात्री बायका थांबायच्या का, आणि थांबल्या तर त्यांची बोलायची पाळी यायची का?