शब्दचर्चा : रेस्टोरेशनकालीन नाटकगृहातले ‘पिट’

प्रश्न : राजा दुसरा चार्ल्स १६६० मध्ये गादीवर परतल्यानंतर (म्हणजे ‘रेस्टोरेशन’, राजेशाहीच्या पुनःस्थापनेनंतर) लंडनमध्ये जी नाटकगृहे उभी राहिली, त्यांविषयी मराठीत लिहिताना ‘पिट’ (रंगमंचासमोरची, तळमजल्यावरची बसण्याची जागा) हा शब्द तसाच ठेवावा, की ‘स्वस्त जागा’ असे लिहावे?

उत्तर : शब्द तसाच ठेवावा. ‘स्वस्त जागा’ हा अर्थ आपल्याकडच्या थिएटरांतला आहे. ‘पिटातला प्रेक्षक’ म्हटले की आपल्याला शिट्ट्या आणि सर्वांत कमी दराचे तिकीट आठवते. लंडनमध्ये पिटाचा दर अडीच शिलिंग, मधल्या गॅलरीचा दीड आणि वरच्या गॅलरीचा एक शिलिंग असे. पिटाहून महाग फक्त चार शिलिंगांचे बॉक्स, म्हणजे बसण्याचे वेगळे कक्ष. आरमाराच्या कचेरीतला अधिकारी सॅम्युअल पेप्स १ जानेवारी १६६८ च्या रोजनिशीत लिहितो, की आपण नाटकांना जाऊ लागलो तेव्हा धंदा शिकत उमेदवारी करणारी साधी पोरे याच्या निम्म्या संख्येनेही पिटात पाहिल्याचे आठवत नाही, आणि आपण स्वतः तर सुरुवातीची कित्येक वर्षे बारा किंवा अठरा पेन्सांच्या (म्हणजे एक किंवा दीड शिलिंगाच्या) जागेपलीकडे गेलो नव्हतो. पिटाची प्रतिष्ठा समजायला ही एक नोंद पुरेशी आहे.

‘खड्डा’ हे भाषांतरही टाळावे. ‘पिट’ हा शब्द कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यावरून (‘कॉकपिट’) आला असे सामान्यतः मानतात, आणि ड्र्युरी लेनमधल्या अशाच एका आखाड्याचे १६१६ मध्ये नाटकगृह झाले होते. राजाकडून नाटके करण्याचा परवाना मिळालेल्या किलिग्रू आणि डॅव्हेनंट या दोघांनी सुरुवातीच्या काळात नाटकगृहे केली ती टेनिस खेळण्याच्या लांबट, छप्पर असलेल्या इमारतींची, त्यामुळे शेक्सपिअरकालीन उघड्या अंगणात उभा राहणारा प्रेक्षक तिथे नव्हता. सगळे बाकांवर बसत. किलिग्रूने १६६३ मध्ये ब्रिजेस स्ट्रीटवर बांधलेल्या नव्या नाटकगृहात तर पिटातले बाक हिरव्या कापडाने मढवलेले आणि मागे उंच होत गेलेले होते. वर घुमट होता, पण तो फारसा उपयोगाचा नसावा : १ जून १६६४ रोजी गारपीट झाली, तेव्हा नाटक संपण्याआधीच पिटाच्या मध्यावर बसलेल्या पेप्सला आणि त्याच्या सोबत्यांना उठावे लागले.

गॅलरीला ‘बाल्कनी’ म्हणण्याचा मोहही आवरावा. आपल्याकडच्या एकपडदा चित्रपटगृहांत बाल्कनीचे तिकीट महाग असते. तिथे सर्वांत वरची गॅलरी सर्वांत स्वस्त होती आणि तीत नोकरचाकर बसत.